आम्लपित्त, अपुरी झोप आणि चौदा रात्रींची वही

२०२४ सालच्या मार्च महिन्यात माझी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर पाहण्याची तपासणी, झाली आणि जुलैअखेर रोजची गोळी बंद झाली. त्याआधीचे जवळजवळ वर्षभर मी घशाशी येणारे आंबट पाणी, छातीतील जळजळ आणि तुटक झोप यांत काढले. त्या काळात काय करावे, कुठे जावे, कशाला घाबरावे आणि कशाला घाबरू नये हे सांगणारे कुणी भेटले असते, तर माझे काही महिने वाचले असते असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून सगळे घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय चव्वेचाळीस. मे २०२३ मध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, शस्त्रक्रिया झाली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या घरी आल्या. तेव्हापासून मी त्यांच्या खोलीत झोपू लागले. बारा वाजता, अडीच वाजता आणि पुन्हा चारच्या सुमारास त्यांना लघवीला उठवावे लागे. त्या हाक मारताना नेहमी आधी विचारत, "बाय, जागी आहेस गो?" मी जागीच असे. हाक येण्याआधीच डोळा उघडण्याची शरीराला सवय लागली होती.

संध्याकाळी त्यांचे जेवण, औषधे, अंग पुसणे हे सारे उरकेपर्यंत दहा वाजत. मग मी साडेदहाला जेवत असे, बहुधा दुपारचे हुमण (माशाची आमटी) आणि भात, आणि अकराच्या आत आडवी होत असे. पहाटे पाचला उठून डबा, स्वयंपाक आणि मग शाळा. दिवसभर डोळे उघडे ठेवण्यासाठी चहाचे पाच-सहा कप होत. आज हे लिहिताना यातली प्रत्येक गोष्ट कशी चुकीची होती ते दिसते, पण तेव्हा घरातील एक माणूस पुन्हा पायावर उभे राहावे एवढीच एक चिंता होती.

पहिली मोठी जळजळ १९ सप्टेंबर २०२३ रोजी, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) रात्री झाली. दिवसभर नेवऱ्या (करंज्या) तळल्या होत्या, आरती उशिरा संपली, जेवण आणखी उशिरा झाले. झोपेत अचानक तोंडात कडू-आंबट पाणी आले आणि ठसका लागून मी उठून बसले. सणाचे खाणे म्हणून मी ते सोडून दिले. परंतु ऑक्टोबरमध्ये ते आठवड्यातून दोनदा होऊ लागले आणि डिसेंबरपर्यंत जवळजवळ रोज. सकाळी वर्गात पाढे म्हणून घेताना माझा आवाज घोगरा येई. तिसरीतल्या एका मुलीने "टीचर, तुम्हाला थंडी झाली काय?" असे विचारले, तेव्हा मीही सर्दीचेच औषध घेतले. जठरातले आम्ल रात्री घशापर्यंत आले, तर सकाळी आवाज बसतो, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांचे पोट बोलण्यावर चालते त्यांनी ही खूण ध्यानात ठेवावी.

औषधाच्या दुकानातून मी आधी आम्लनाशकाची गुलाबी बाटली आणली, नंतर शेजारणीच्या सांगण्यावरून पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन यांची जोडगोळी. ती रात्री जेवण झाल्यावर घेत असे, कारण त्रास रात्री होई. चार महिन्यांत अशा औषधांवर सुमारे २,६०० रुपये गेले आणि फरक जेमतेम पडला. त्याचे कारण पुढे डॉक्टरांनी सांगितले. ही गोळी जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद करते, आणि ते पंप जेवणाने चालू होतात. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी पोटात गेली पाहिजे. जेवून घेतलेल्या गोळीचा परिणाम कमी होतो.

जानेवारी २०२४ पर्यंत सासूबाई वॉकर धरून चालू लागल्या. मी पुन्हा आमच्या खोलीत झोपू लागले आणि आता आपली झोप परत येईल असे मला वाटले. ती आली नाही. अडीच वाजता हाक नसली तरी जळजळ मला उठवत असे. मग मी सोप्यावर जाऊन बसे, थंड दूध पीत असे, त्याने पंधरा-वीस मिनिटे बरे वाटे आणि पुन्हा सुरू होई. अंगणातल्या तुळशीपुढची पणती विझलेली असे, शेजारचे कुत्रे एकदा भुंकून गप्प बसे आणि मी चार वाजण्याची वाट पाहत बसे. त्या तासांत मनात येणारे विचार फार वाईट असतात. माझ्या माहेरी एका नातलगाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता, आणि माझे सगळे विचार तिथेच जाऊन थांबत.

११ फेब्रुवारीच्या, रविवारच्या, पहाटे तीन वाजता छातीच्या मधोमध दाबल्यासारखे दुखू लागले आणि घाम फुटला. यजमानांनी गाडी काढली आणि आम्ही तालुक्याच्या आरोग्य केंद्रात गेलो. ईसीजी काढला, तो ठीक होता. तरी तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला सोडले नाही. दोन तासांनी दुसरा ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला आणि मगच म्हणाल्या, "हे बहुधा आम्लाचे दुखणे आहे, पण छातीत दुखले तर दर वेळी आधी हृदय तपासायचे. गॅस आहे म्हणून घरी थांबायचे नाही." हे वाक्य मी जसेच्या तसे इथे देत आहे, कारण बायका छातीतले दुखणे घरीच अंगावर काढतात. त्यांनी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि गिळताना अडकते का, वजन उतरले आहे का, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते का, हे चार प्रश्न विचारले. चारही उत्तरे नाही अशी होती. यांपैकी एक जरी होय असते तर थांबण्याची सोय नव्हती.

२० फेब्रुवारीला, मंगळवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. ती अर्ध्या दिवसाची होणार नाही हे तिथे गेल्यावर कळले. पहाटेची बस, पणजीला बदल, पावणेआठला केसपेपरची रांग. आधार कार्डाची प्रत, चिठ्ठीची प्रत आणि आधीच्या औषधांची वेष्टने बरोबर ठेवावीत. माझ्याकडे वेष्टने होती म्हणून कोणती गोळी किती ताकदीची, किती दिवस, हे नेमके सांगता आले. डॉक्टरांसमोर बसले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तपासणी दहा मिनिटांची झाली, पण त्यांनी नीट ऐकून घेतले. एंडोस्कोपीची तारीख २० मार्च मिळाली. त्याआधी हिमोग्लोबिन, कावीळ बी आणि सी आणि एचआयव्ही यांच्या रक्तचाचण्या करून अहवाल आणायचे होते. एचआयव्हीचे नाव वाचून मी दचकले. दुर्बीण घालण्यापूर्वी त्या बहुतेक ठिकाणी सर्वांच्याच करतात, असे परिचारिकेने समजावले.

आणि एक सूचना होती, जिने पुढचा महिना अवघड केला. तपासणीच्या वेळी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी जठराचा कण घेऊन पाहणार होते आणि पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर ती चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून ६ मार्चपासून चौदा दिवस गोळी पूर्ण बंद. अगदीच सहन झाले नाही तर पातळ आम्लनाशक घ्यायला परवानगी होती. डॉक्टर म्हणाले, "टीचर, या चौदा दिवसांची एक वही ठेवा. काय खाल्ले एवढेच लिहू नका. किती झोपलात तेही लिहा."

मुलांची अर्धी उरलेली दुरेघी वही घेऊन मी रकाने आखले. जेवणाची वेळ, पदार्थ, आडवे होण्याची वेळ, किती वेळा जाग आली आणि कशाने, एकूण झोप किती, सकाळी घसा कसा आणि दिवसभराच्या जळजळीला दहापैकी गुण किती. पहिले चार दिवस फार कठीण गेले. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली की दबलेले आम्ल काही काळ उसळून येते, हे आधी सांगितलेले होते म्हणून धीर राहिला. आम्लनाशकाच्या दोन बाटल्या संपल्या.

या वहीतली दोन पाने मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. ९ मार्चला नणंद राहायला आली आणि सासूबाईंकडे मी बघते, तू झोप, असे म्हणाली. त्या रात्री आठ वाजता उकड्या तांदळाची पेज आणि तांबडी भाजी (तांबडा माठ) खाल्ली आणि साडेसहा तास झोप झाली. दुसऱ्या दिवसाचे गुण दोन. १२ मार्चला नणंद परत गेलेली होती, सासूबाईंना ताप होता आणि वीजही गेली होती. जेवण तेच, आठ वाजता, पेज आणि तांबडी भाजी. झोप साडेतीन तास. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कप चहाने छातीत आग झाली आणि गुण लिहिले सात. तोपर्यंत मी जेवणातले पदार्थ एकेक करून वगळत चालले होते. तिखट सोडले, मासे सोडले, सोलकढी सोडली. झोपेचा रकाना समोर नसता तर तांबडी भाजीही सोडली असती.

२० मार्चला, बुधवारी, सकाळी उपाशीपोटी पोहोचले. आदल्या रात्री नऊनंतर काही खाल्ले नव्हते. बरोबर नातलग असणे आवश्यक असते आणि दागिने घरीच ठेवून जावे. संमतिपत्र वाचून सही केली. घशात बधिरतेचा फवारा मारला, तो कडू असतो आणि दोन मिनिटांत घसा सुजून बंद होतो आहे असे वाटू लागते. तो बंद होत नाही, श्वास चालू राहतो. मी हे मनात म्हणत राहिले. मग परिचारिकेने डाव्या कुशीवर वळवले, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. नळी घशातून उतरते तो क्षण वाईट आहे, उबळ येते, डोळ्यांतून पाणी येते. त्यानंतर नाकाने संथ श्वास घेत राहिले की सुसह्य होते. झोपेचे इंजेक्शन मी घेतले नाही. ज्यांनी घेतले त्यांना त्या दिवशी वाहन चालवण्यास मनाई होती. सगळे मिळून सात-आठ मिनिटे लागली. बधिरता उतरेपर्यंत तासभर पाणीही प्यायचे नसते. ज्या गोष्टीच्या भीतीने मी महिनाभर धास्तावले होते ती शाळेची मधली सुट्टी संपण्याआधी संपते, एवढीच ती लांब असते.

अहवाल त्याच दिवशी मिळाला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने पडलेल्या जखमा होत्या. अशा जखमांची तीव्रता सांगणाऱ्या लॉस एंजेलिस वर्गीकरणानुसार 'बी' श्रेणी, म्हणजे पाच मिलिमीटरहून लांब, पण एकमेकींना न जोडलेल्या. जंतूची चाचणी नकारात्मक. कर्करोगाचे काही चिन्ह नाही. मी तो कागद बाकावर बसून तीनदा वाचला आणि मग यजमानांना वाचायला दिला.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, पुन्हा गेले. डॉक्टरांनी वहीची पाने उलटून पाहिली आणि त्या दोन रात्रींवर बोट ठेवले. त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत असे. जागेपणी आपण सतत आवंढा गिळतो, लाळ गिळतो. लाळ आम्ल शमवते आणि उभ्या शरीरात ते खाली उतरतेही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणे क्वचित होते आणि आडव्या शरीरात उतार राहत नाही. म्हणून रात्री वर आलेले आम्ल अन्ननलिकेत फार वेळ राहते आणि तिथे जखम करते. जखमेने झोप मोडते. आणि झोप मोडलेल्या माणसाची अन्ननलिका हळवी होते, म्हणजे आम्ल तितकेच असले तरी ते अधिक भाजते. "तुमच्या बाबतीत सुरुवात झोपेपासून झाली असावी," ते म्हणाले. "आता गोळी जखम भरील, पण झोप सुधारली नाही तर पुन्हा इथेच याल." मी घोरते का, झोपेत माझा श्वास अडकतो का, असेही त्यांनी यजमानांना विचारले, कारण झोपेत श्वास थांबण्याचा विकार आणि आम्लाचा त्रास अनेकदा एकत्र असतात. मला ते नव्हते.

उपचार असा ठरला: पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे. जेवण आणि आडवे होणे यांत तीन तास. खाटेची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच. झोपणे डाव्या कुशीवर. दुपारी चारनंतर चहा नाही.

डाव्या कुशीचे कारण मला फार आवडले. जठर डावीकडे असते. डाव्या कुशीवर झोपले की अन्ननलिकेचे तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहते, उजव्या कुशीवर ते खाली जाते. घरी येऊन हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग वामकुक्षी म्हणजे दुसरे काय?" दुपारच्या झोपेला आपण आयुष्यभर हा शब्द वापरतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. मुलांना मराठी शिकवणाऱ्या मला तो शब्द फोडून पाहायचे कधी सुचले नव्हते. मात्र जेवल्याबरोबर आडवे होणे हे डाव्या कुशीवरही मला सोसले नाही, त्यामुळे दुपारी मी आता खुर्चीतच वीस मिनिटे डोळे मिटते.

खाट उंच करण्यासाठी आधी दोन-तीन उशा रचल्या. त्याने मान दुखली आणि कमरेत वाकल्यामुळे पोटावर दाब येऊन जळजळ वाढली. मग १,८५० रुपयांची उताराची उशी मागवली. तिच्यावरून मी रात्रभर खाली घसरत असे. शेवटी गावातल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले. त्याने खाटेच्या पायाचे माप घेतले आणि प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यावर पटाशीने अंगठाभर खोल खाच कोरली, पाय त्यात घट्ट बसावा म्हणून. दोन्हींचे मिळून सहाशे रुपये झाले. पहिल्या चार रात्री उतारावर झोपल्यासारखे वाटले, पाचव्या रात्री ते जाणवेनासे झाले.

झोपेचा भाग मात्र ठोकळ्यांनी सुटणारा नव्हता. सासूबाईंना अजूनही रात्री दोनदा-तीनदा उठावे लागे आणि उठायची मीच, ही घरातली न बोललेली व्यवस्था होती. मी वही यजमानांपुढे ठेवली. त्या रात्रीपासून वार वाटून घेतले. पाळी नसलेल्या रात्री मी दार लावून झोपू लागले, आणि पहिले काही दिवस त्याचे फार अपराधी वाटले. एप्रिलमध्ये सासूबाईंच्या फेरतपासणीत मी सहज विचारले की यांना रात्री इतक्यांदा लघवीला का होते. डॉक्टरांनी औषधे पाहिली. रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री आठला घेत होत्या. ती सकाळवर नेल्यावर त्यांचे उठणे एकदावर आले. जवळजवळ दहा महिने एका गोळीची वेळ आम्ही दोघींनी जागून काढली होती. अशी गोळी घरात कुणी घेत असेल तर वेळ स्वतःहून बदलू नये, पण डॉक्टरांना जरूर विचारावे.

रात्रीचे जेवण साडेसातवर आणणे सर्वांत कठीण गेले, कारण त्यासाठी दिवेलागणीची सगळी कामे मागेपुढे करावी लागली. शिगम्याच्या दिवसांत ढोल-ताशांनी रात्री झोप लागत नसे, तेव्हा अंथरुणात तळमळत पडण्याऐवजी मंद उजेडात खुर्चीत बसायचे आणि डोळे जड झाले की परत जायचे, हा डॉक्टरांचा सल्ला उपयोगी पडला. सकाळी उठण्याची वेळ मी रविवारीही पाचचीच ठेवली. मेच्या मध्यापर्यंत सलग सहा तासांची झोप आठवड्यातून चार-पाच रात्री होऊ लागली.

२२ मे रोजी आठ आठवडे पुरे झाले. गोळी एकदम थांबवली नाही. आधी २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, असे करत जुलैअखेर बंद केली. शेवटच्या कपातीनंतर दहाएक दिवस जळजळ परत आली. ते उसळून येणे मार्चमध्ये अनुभवले होते म्हणून मी घाबरले नाही आणि आम्लनाशकावर निभावले. सर्वांनाच गोळी बंद करता येते असे नाही. जखम मोठी असेल तर गोळी वर्षानुवर्षे लागू शकते आणि तेव्हा ती मनाने सोडू नये.

नोकरीतून मिळणाऱ्या वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचेही सांगते. रक्तचाचण्या मी वेळ वाचावा म्हणून खासगी प्रयोगशाळेत केल्या होत्या, त्यांची आणि औषधांची बिले मिळून ३,४०० रुपये झाली. अत्यावश्यकता प्रमाणपत्र (हे उपचार आवश्यक होते असा डॉक्टरांचा दाखला), मूळ बिले, औषधचिठ्ठीची प्रत आणि अर्ज असे सारे मेमध्ये दिले. एका बिलावर डॉक्टरांचा शिक्का नव्हता म्हणून संपूर्ण फाईल सहा आठवड्यांनी परत आली; तोवर कुणी कळवलेही नाही. शिक्क्यासाठी पुन्हा एक दिवस रजा गेली. प्रत्येक बिलावर सही आणि शिक्का त्याच दिवशी, त्याच टेबलावरून उठण्याआधी घ्यावा. पैसे सप्टेंबरमध्ये जमा झाले.

२०२४ च्या चवथीला नेवऱ्या केल्या आणि दोन खाल्ल्या, दुपारी. आवाज आता सकाळी स्वच्छ असतो. महिन्यातून एखाद्या रात्री आंबट पाणी येते, बहुधा आदल्या दोन रात्री झोप कमी झालेली असताना. वही मी अजून ठेवते, पण आता रकाने दोनच आहेत, झोप आणि गुण. चवथीआधी घर रंगवताना खाट हलवली, तेव्हा रंगाऱ्याने ते दोन ठोकळे अंगणात टाकले होते. सासूबाईंनी वॉकर धरून जाऊन ते दाखवले आणि त्याला आत आणून परत पायांखाली बसवायला लावले.